ग्रंथपालाचा पगार अनुदानातून वेगळा काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाचन कमी होतंय, मुलं मोबाईलमध्ये असतात, वाचनालयं ओस पडलीत, अशी पत्रं तुमच्या पेपरात अधूनमधून येत असतात आणि मी ती सगळी वाचतो. लिहिणाऱ्यांची कळकळ खरी असते ह्यात शंका नाही. पण ह्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कधीच येत नाही, ती म्हणजे गावातलं वाचनालय चालतं कुणाच्या पैशावर, त्याला पैसे कोण देतं, किती देतं आणि त्यातले त्या दाराचं कुलूप उघडणाऱ्या माणसाच्या हातात किती पडतात. मी एका खेड्यातल्या ‘ड’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा चिटणीस आहे, बरीच वर्षं हे काम बघतोय, म्हणून जे रोज बघतो ते सविस्तर लिहितोय, पत्र लांबलं तर समजून घ्या आणि जमलं तर पूर्ण छापा.

आधी एक गैरसमज. बहुतेक लोकांना वाटतं की ‘सार्वजनिक वाचनालय’ म्हणजे सरकारी ऑफिस आणि तिथली बाई किंवा माणूस म्हणजे सरकारी नोकर. आमच्या गावातले शिकलेले लोकसुद्धा असंच समजतात, वाचनालय एक दिवस बंद असलं तर म्हणतात सरकारी काम आहे ना, असंच चालायचं. तसं नाहीये. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत आणि त्यातली जवळजवळ सगळी गावकऱ्यांनी काढलेल्या संस्था आहेत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवायचं, विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली धर्मादायकडे नोंद करायची, घटना लिहायची, अध्यक्ष-चिटणीस-कोषाध्यक्ष निवडायचे, जागा बघायची, पुस्तकं जमवायची आणि हे सगळं उभं झाल्यावर मग शासनाकडे मान्यतेसाठी जायचं. शासनाची स्वतःची ग्रंथालयं आहेत पण ती मोजकी, मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, विभागाच्या ठिकाणची शासकीय ग्रंथालयं, जिल्ह्याच्या ठिकाणची, बास. खेड्यापर्यंत जे पोचलंय ते लोकांचं आहे, शासन त्याला मदत करतं.

हे बरं की वाईट? मला विचाराल तर बरंच आहे. मराठी मुलखात ही जुनी रीत आहे, रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. ह्यातलं एकही आजच्यासारख्या अनुदानावर उभं राहिलेलं नाही, लोकांनी वर्गण्या काढल्या, कुणी जागा दिली, कुणी घरातला ग्रंथसंग्रह दिला. त्यामुळे वाचनालय आपलं आहे ही भावना इथे मुरलेली आहे आणि ती मोडू नये असंच मला वाटतं. प्रश्न एवढाच आहे की वर्गणीवर इमारत उभी राहते, कपाटं येतात, पुस्तकं पण येतात, माणूस मात्र वर्गणीवर टिकत नाही. त्याला दर महिन्याला घर चालवायचं असतं.

आता व्यवस्था कशी आहे ते सांगतो, कारण हे समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. ह्या कायद्यातून ग्रंथालय संचालनालय आलं, त्याचं मुख्य कार्यालय मुंबईला नगर भवनात, खाली विभागवार सहायक संचालक, त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकारी. सल्ला द्यायला राज्य ग्रंथालय परिषद आणि जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय समिती. मग १९७० चे नियम आले, आमचं सगळं जगणं त्या नियमांवर. मान्यता कशी मिळते, वर्ग कसा ठरतो, अनुदान किती, दप्तर काय ठेवायचं, सगळं त्यात आहे. वर्ग चार, अ ब क ड. त्यात पुन्हा जिल्हा, तालुका आणि इतर असे प्रकार, म्हणजे जिल्ह्यातल्या एका ग्रंथालयाला जिल्हा ग्रंथालयाचा दर्जा, तालुक्यातल्या एकाला तालुका ग्रंथालयाचा, बाकी सगळी ‘इतर’. किती पुस्तकं, किती सभासद, किती पेपर आणि मासिकं येतात, किती तास उघडं असतं, ह्यावरून वर्ग. सगळ्यात खाली ‘ड’, म्हणजे आम्ही, आणि ह्या व्यवस्थेची शेवटची पायरी आमच्यासारख्या छोट्या वाचनालयांचीच आहे.

पैशाचं असं आहे की कायद्यात ग्रंथालय निधीची तरतूद आहे आणि त्यात शासनाने दरवर्षी किमान २५ लाख रुपये टाकायचे असं लिहिलंय. १९६७ चे २५ लाख! प्रत्यक्षात शासन आज त्याच्या कितीतरी पट देतं हे कबूल केलंच पाहिजे, पण कायद्यात आकडा तोच, त्याच्यावरचं जे काही मिळतं ते त्या त्या वर्षीच्या बजेटवर आणि त्या त्या सरकारच्या मनावर. दुसऱ्या राज्यांनी ह्यापेक्षा वेगळी वाट धरली, त्याकडे पुढे येतो.

अनुदान मिळतं ते मान्य खर्चाच्या ९० टक्के किंवा आपल्या वर्गाची कमाल रक्कम, ह्यातलं जे कमी असेल ते. राहिलेले दहा टक्के संस्थेने स्वतः उभे करायचे. मला ह्यात काही चूक वाटत नाही, गावाने काहीतरी घातलंच पाहिजे. कमाल रक्कम किती ते बघा. २०१२ ला अनुदान वाढलं, त्यानंतर दहा वर्षं तेच राहिलं आणि मग २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने ६० टक्के वाढ दिली. त्या वाढीत जिल्हा ‘अ’ ७ लाख २० हजारांवरून ११ लाख ५२ हजारांवर गेलं, तालुका ‘अ’ ३ लाख ८४ हजारांवरून ६ लाख १४ हजार ४०० वर, इतर ‘क’ ९६ हजारांवरून १ लाख ५३ हजार ६०० वर, आणि ‘ड’ ३० हजारांवरून ४८ हजारांवर. वर्षाचे. बारा महिन्यांचे ४८ हजार.

ह्यातली निम्मी रक्कम पगारावर आणि निम्मी बाकीच्या खर्चावर, म्हणजे पुस्तकं, पेपर, मासिकं, भाडं, लाइट बिल, स्टेशनरी, ऑडिट फी, कपाटाची दुरुस्ती. म्हणजे २०२२ च्या त्या वाढीच्या हिशोबाने ‘ड’ वर्गात ग्रंथपालाच्या वाट्याला वर्षाला २४ हजार. महिन्याला दोन हजार. २०२२ च्या आधी ३० हजारांच्या निम्मे १५ हजार, म्हणजे महिन्याला साडेबाराशे होते आणि त्या साडेबाराशेवर माणसांनी दहा वर्षं वाचनालयं उघडलीयत, सकाळी आणि संध्याकाळी, आठवड्यातून सहा दिवस. ह्या दोन हजारांवर अजून तीस-चाळीस टक्के वाढ दिली तरी ती रक्कम तीन हजारांच्या आतच राहते. टक्क्यांची वाढ मोठी दिसते पण ती कशावर दिलीय ते बघायला नको का, पाया एवढासा असेल तर त्यावर टक्के कितीही लावा, घर चालण्याइतका पगार होत नाही.

‘क’ वर्गाचं थोडं बरं म्हणावं तर १ लाख ५३ हजार ६०० चे निम्मे ७६ हजार ८००, महिन्याला ६ हजार ४००, आणि काम एकट्या माणसाने उरकण्यासारखं राहिलेलं नसतं त्यामुळे दुसरं माणूस ठेवलं की हेच पैसे दोघांत वाटायचे. रोजंदारीवर शेतात जाणाऱ्याला ह्यापेक्षा जास्त सुटतात हे गावात सगळ्यांना माहिती आहे, आमच्या ग्रंथपाल ताईंनाही माहिती आहे.

ह्या ताईंबद्दल थोडं सांगतो, नाव नाही सांगत. बी.ए. झालेल्या, ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स केलेला. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ वाचनालय, मधल्या वेळात घरी शिवणकाम. आल्या आल्या आधी झाडलोट, मग पेपर आले असतील ते टेबलावर लावायचे, कालचे पेपर दोऱ्यात ओवायचे, देवघेवीचं रजिस्टर काढायचं. आमच्याकडे कॉम्प्युटर नाही, तारीख चिठ्ठ्या आहेत, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या, आणि त्या चिठ्ठीवर ताईंचा शिक्का बरोबर चौकटीत पडतो, कधी तिरका नाही. मार्चमध्ये साठा पडताळणी असते, दाखल रजिस्टर एका हातात धरून एकेक पुस्तक काढायचं, पुसायचं, नंबर बघायचा, परत ठेवायचं. मागच्या पडताळणीच्या वेळी मी पण होतो. सगळ्यात खालच्या फळीवर, भिंतीच्या बाजूला, वाळवी लागलेली निघाली. जुन्या बांधीव मासिकांचे चार खंड, वरून पुठ्ठा एकदम शाबूत आणि उचलला की आतून मातीच. ताई खालीच बसल्या, पदराने एकेक पान झाडत होत्या, वाचण्यासारखी पानं वेगळी काढत होत्या. त्या कपाटात त्यांनी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या होत्या, स्वतःच्या पैशाने आणलेल्या, तरी भिंतीतून ओल आली. नंतर पंधरा दिवस त्या रोज सगळ्या खालच्या फळ्या काढून बघायच्या, त्याचं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

आणि हे सगळं करून त्यांना वर्षातून दोनदा पगार मिळतो, कारण अनुदान हप्त्याने येतं, आणि हप्ता आल्याशिवाय संस्थेच्या खात्यात द्यायला काही नसतंच. मधल्या काळात आम्ही पदाधिकारी थोडे थोडे काढून उचल देतो, नंतर वळतं करतो. एका वर्षी दुसरा हप्ता मार्चच्या अगदी शेवटी पडला आणि चार दिवसांत पुस्तकं घ्या, पावत्या जोडा, हिशोब बंद करा अशी पळापळ झाली. त्या वर्षी आम्ही जी पुस्तकं घेतली ती वाचकांनी मागितलेली नव्हती, तालुक्याच्या दुकानात त्या दिवशी जी होती ती घेतली. मला अजून ती रांग दिसते कपाटात, कुणीही न नेलेली, तारीख चिठ्ठ्या कोऱ्या.

मग ग्रंथपाल का टिकत नाहीत ह्याचं आश्चर्य कुणाला वाटायला नको. आसपासच्या गावांत मी बघतो, माणूस बदलला की वाचनालय सहा महिने तरी मागे जातं. कारण ग्रंथपालाचं खरं ज्ञान रजिस्टरमध्ये नसतं. कुठल्या आजीला मोठ्या टाइपातलं पुस्तक लागतं, कुठल्या मुलाने मागच्या वेळी काय नेलं आणि त्याला आता काय आवडेल, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना कोपऱ्यातलं टेबल संध्याकाळी सात नंतर रिकामं मिळतं, हे सगळं त्या एका माणसाच्या डोक्यात असतं. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणाऱ्या एस. आर. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असं आहे. ती गाठ घालून देतो तो ग्रंथपाल. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला ग्रंथपाल दिन असतो, फोटोला हार घालतो, भाषणं होतात. ताई दरवर्षी हार स्वतः करतात.

आता दुसऱ्या राज्यांचं. मद्रासने १९४८ मध्येच ग्रंथालय कायदा केला, स्वतंत्र भारतातला पहिला, त्यामागे रंगनाथनच होते, आणि त्यात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीच राखलेला थोडा जादा कर, घ्यायची सोय केली. कर्नाटकचा १९६५ चा कायदा, तिथेही मालमत्ता करावर उपकर. केरळचा १९८९ चा, तिथेही आहे, आणि केरळची ग्रंथालयं आपल्यासारखीच लोकांनी काढलेली आहेत हे मुद्दाम सांगतो, म्हणजे लोकांची संस्था आणि उपकराचा पैसा ह्या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. आपल्या १९६७ च्या कायद्यात उपकर नाही. त्यामुळे आपल्याकडे ग्रंथालयासाठी राखून ठेवलेला, दरवर्षी आपोआप वाढणारा असा पैसाच नाही. गावात घरं वाढली, घरपट्टी वाढली, शहरात टॉवर उभे राहिले तरी त्याचा वाचनालयाशी काही संबंध येत नाही, आम्ही परत निवेदन घेऊन उभेच.

वाईट ह्याचं वाटतं की ह्या विषयात आपण सगळ्यांच्या पुढे होतो. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा मद्रासच्याही आधी, १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला. आणि त्याच्याही आधी बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० पासून गावोगाव ग्रंथालयं नेली, अमेरिकेतून बोर्डन नावाचे तज्ज्ञ बोलावले, फिरत्या पेट्या सुरू केल्या. त्यांची पैशाची पद्धत मला फार पटते, एक हिस्सा गावाने जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने घालायचा आणि तेवढाच संस्थानाने. तिघांचे तीन सारखे हिस्से. गावाची जबाबदारी सुटत नाही आणि गाव एकटंही पडत नाही. आज आपल्याकडे ह्यातला मधला हिस्साच गायब आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत ह्यांचा गावच्या वाचनालयाला नियमित असा काही हिस्सा नाही. सरपंचाला आवड असली तर एखादं कपाट मिळतं, नसली तर नाही. खरं तर ७३ व्या घटनादुरुस्तीने जी अकरावी अनुसूची आली त्यातल्या २९ विषयांत ग्रंथालयं हा विषय आहे, विसाव्या नंबरला. पंचायतीकडे द्यायच्या विषयांत हे नाव लिहिलेलं आहे आणि ते कागदावरच राहिलंय.

उपकर लावला की सगळं सुटेल असंही मी म्हणत नाही. कर्नाटकात उपकर गोळा करते महापालिका आणि तो ग्रंथालयाकडे द्यायचा असतो, पण बंगळूरची थकबाकी किती साचली ह्याच्या बातम्या वरचेवर येत असतात. म्हणजे गोळा झालेला पैसा मधेच अडकतो. म्हणून आपल्याकडे करायचं झालं तर तो गोळा होतानाच वेगळ्या खात्यात पडला पाहिजे, महापालिकेच्या सर्वसाधारण खात्यात मिसळता कामा नये. दुसरी अडचण खेड्यांची, आमच्या गावाची घरपट्टी केवढी, त्यावर उपकर तो केवढा येणार. म्हणून तो गावापुरता ठेवून उपयोग नाही, राज्यात एकत्र करून गरजेप्रमाणे वाटला पाहिजे, मुंबई-पुणे-नागपूरच्या घरांतून आलेला चिमूटभर वाटा गडचिरोलीच्या नाहीतर नंदुरबारच्या ग्रंथपालाला मिळाला पाहिजे. शहरातल्या माणसाला एवढं जड जाणार नाही, वर्षाच्या बिलात कळणारही नाही.

काही वाचक लगेच म्हणतील की अनेक वाचनालयं नुसती कागदावर आहेत, अनुदान लाटतात. बरोबर आहे, अशी होती आणि असतील. २०१२ ला महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली तेव्हा बऱ्याच ठिकाणी बोर्ड आहे आणि वाचनालय नाही, पुस्तकं आहेत तर वाचक नाहीत असं निघालं. आमच्याकडेही पथक आलं होतं, त्यांनी रजिस्टरं बघितली, पुस्तकं मोजली, सभासदांच्या घरी जाऊन विचारलं, आम्हाला बरंच वाटलं, असं दरवर्षी व्हावं. पण पुढे झालं काय तर नवीन मान्यता आणि दर्जावाढ बरीच वर्षं थांबून राहिली. चोरी कुणी केली आणि दार कुणासाठी बंद झालं? आमची पुस्तकं, सभासद, उघडं राहायचे तास सगळं ‘क’ वर्गाच्या तोडीचं झालं होतं, प्रस्ताव करून ठेवला होता, तो तसाच फाइलीत. ज्याने काम वाढवलं त्याचं अनुदान वाढलं नाही आणि ज्याने नाही वाढवलं त्याचंही तेवढंच. बोगस वाचनालय शोधायचं असेल तर सोपी गोष्ट आहे, देवघेवीचं रजिस्टर उघडा आणि त्यातल्या पाच वाचकांना फोन करा. त्याला फार मोठी यंत्रणा लागत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र परिस्थिती तेवढी वाईट नाही, हेही सांगितलं पाहिजे. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांच्या जोडीने ग्रंथालयांना पुस्तकं देतं, त्यांचे गठ्ठे आमच्यापर्यंत येतात आणि त्यात कधीकधी फार चांगली पुस्तकं निघतात जी आम्हाला परवडलीच नसती. लोकही देणगी देतात. एका शिक्षकांनी रिटायर होताना घरातली सगळी पुस्तकं दिली. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी काढतो, त्यात वीस-पंचवीस अंक येतात आणि ते फेब्रुवारीपर्यंत गावात फिरतात, पानं सुटून येईपर्यंत फिरतात, परत आल्यावर ताई दाभण-दोरा घेऊन शिवतात. म्हणजे पुस्तक ही वस्तू अशी आहे की ती कुणीतरी देतं. इमारतीला आमदार निधी देतात, कोनशिला बसते. पगार देणगीत कुणी देत नाही. पगाराला कोनशिला नसते.

म्हणून माझी एकच मागणी आहे आणि ती मी जिथे जातो तिथे मांडतो, ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात पण मांडलीय. ग्रंथपालाचा पगार अनुदानातून वेगळा काढा. अनुदान जे आहे ते पुस्तकं, पेपर, जागा, वीज ह्यासाठी राहू द्या, त्याचा हिशोब संस्था देईल. पगाराचं लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधलं खातं, वेगळं करा, रक्कम किमान वेतनाला धरून ठरवा आणि ती दर महिन्याला थेट ग्रंथपालाच्या बँक खात्यात टाका. म्हणजे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या हातात पगार राहत नाही, काही ठिकाणी सह्या एका रकमेवर आणि हातात दुसरी असं जे ऐकू येतं तेही बंद होईल. नेमणूक संस्थेची, हजेरी आणि तपासणी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याची. ग्रंथालय सेवकांना वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती द्या हे आमच्यासारख्यांनी आज उठून सांगितलेलं नाही, शासनानेच नेमलेल्या पत्की समितीनेही ह्याचा विचार केला होता. त्यानंतर किती सरकारं आली आणि गेली. शाळेचा शिपाई पगार घेतो, अंगणवाडी सेविकेला मानधन दर महिन्याला मिळतं (ते कमी आहे आणि त्यांनाही वाढवून मिळालंच पाहिजे), मग गावातल्या ग्रंथपालाला महिन्याच्या महिन्याला काही मिळावं ह्यात जास्तीचं काय मागतोय आम्ही?

पैसा कुठून आणायचा ते वर लिहिलंय. १९६७ च्या कायद्यात दुरुस्ती करून किमान २५ लाखांचं ते जुनं कलम बदला आणि मालमत्ता करातला वाटा ग्रंथालय निधीत आणा. लगेच नाही जमलं तर निदान ‘ड’ आणि ‘क’ वर्गापासून सुरुवात करा, कारण तिथेच एकेकट्या माणसावर सगळं चाललंय. मोठ्या शहरातल्या ‘अ’ वर्गाच्या संस्थांकडे सभागृहं आहेत, ठेवी आहेत, भाड्याचं उत्पन्न आहे, त्या थोडं थांबू शकतात. हे म्हटल्यावर आमच्याच संघातले काही लोक माझ्यावर नाराज होतात, तरी मला हेच बरोबर वाटतं.

आणि तुमच्या वाचकांना एक विनंती. आपल्या गावातल्या, आपल्या भागातल्या वाचनालयात एकदा जाऊन सभासद व्हा, आमच्याकडे अनामत आणि महिन्याची वर्गणी मिळून एका चित्रपटाच्या तिकिटाएवढेही होत नाहीत, इतर ठिकाणीही फार वेगळं नसेल. वार्षिक सर्वसाधारण सभेला या. ती सभा होते, नोटीस लावलेली असते, आणि येतात सात-आठ माणसं. हिशोबाचं पत्रक मागून घ्या, त्यात ‘वेतन’ ह्या शब्दासमोर काय आकडा आहे तो बघा आणि मग आमदारांना विचारा.

हे पत्र मी वाचनालयातच बसून लिहितोय. आठ वाजून गेलेत, ताईंनी पेपर घडी करून ठेवलेत, पंखा बंद केलाय, पण कोपऱ्यातल्या टेबलावर दोन मुली अजून अभ्यास करतायत, त्यांची परीक्षा आहे, म्हणून ताई कुलूप हातात घेऊन दाराशी बसल्यात. मी म्हटलं तुम्ही जा, मी लावतो कुलूप. तर म्हणाल्या राहू द्या, ह्यांचं होऊ दे.

आपला,
एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा चिटणीस